सेवापत्रकातील एक अक्षर : माजी सैनिकांच्या नोंदींतील चुका आणि त्यांची दुरुस्ती

सैनिक सेवेतून मुक्त होतो, त्या सुमारास त्याच्या हाती दोन महत्त्वाचे दस्तऐवज येतात. एक सेवामुक्ती पुस्तिका, जिला सर्वजण ‘डिस्चार्ज बुक’ म्हणतात. आणि दुसरा निवृत्तिवेतन प्रदान आदेश, म्हणजेच ‘पीपीओ’. बहुतेक घरांत हे दोन्ही कागद लोखंडी पेटीच्या तळाशी, पदकांच्या शेजारी जपून ठेवलेले असतात. ते जपले जातात, पण वाचले जात नाहीत. दरमहा निवृत्तिवेतन खात्यात जमा होत असते, त्यामुळे ते उघडून पाहण्याचे कारणही पडत नाही. कारण पडते ते बहुधा सैनिकाच्या निधनानंतर. पत्नी मृत्यूचा दाखला घेऊन शाखेत येते आणि पीपीओवरील पत्नीचे नाव व तिच्या ओळखपत्रावरील नाव निराळे असल्याचे तेव्हा प्रथमच उघड होते. ज्याच्या एका सहीने प्रश्न सुटला असता, ती व्यक्ती त्या वेळी हयात नसते.

म्हणूनच सेवानोंदींतील चुका कशा निर्माण होतात, त्यांचे परिणाम काय होतात आणि त्या कोणाकडून व कशा दुरुस्त करून घ्याव्यात, याची माहिती माजी सैनिक ग्राहकांना तसेच शाखांतील कर्मचाऱ्यांना असणे आवश्यक आहे.

नोंद कशी तयार होते?

भरतीच्या वेळी जवानाचे नाव, वडिलांचे नाव, गाव, जन्मतारीख व शिक्षण यांची नोंद भरती अर्जात व सेवापत्रकात केली जाते. ‘शीट रोल’ या नावाने ओळखले जाणारे हे सेवापत्रक म्हणजे सैनिकाच्या कारकिर्दीची मूळ वही होय. ते संबंधित अभिलेख कार्यालयात, म्हणजे सैनिकांच्या तोंडी असलेल्या ‘रेकॉर्ड ऑफिस’मध्ये ठेवले जाते.

पुढे विवाह, अपत्यजन्म, पदोन्नती, रजा, शिक्षा अशी प्रत्येक घटना तुकडीच्या कार्यालयीन आदेशाद्वारे प्रसिद्ध होऊन सेवापत्रकात चढते. भूदलात या आदेशाला ‘पार्ट टू ऑर्डर’ म्हणतात. वायुदलात ‘पीओआर’ आणि नौदलात ‘जेनफॉर्म’ या नावाने हेच काम होते. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. गावी थाटामाटात लग्न झाले, तरी त्याचा आदेश निघेपर्यंत अभिलेख कार्यालयाच्या दृष्टीने तो सैनिक अविवाहितच असतो.

सेवामुक्तीच्या वेळी अभिलेख कार्यालय सेवापत्रकाच्या आधारे माहितीपत्रक तयार करून लेखा कार्यालयाकडे पाठवते व त्यावरून पीपीओ निघतो. पीपीओवरून निवृत्तिवेतन वितरणाची नोंद होते. अशा रीतीने एकच माहिती चार ठिकाणी उतरवली जाते. पहिल्या ठिकाणची चूक पुढील सर्व ठिकाणी जाते, तर मधल्या टप्प्यावरील चूक तेथून पुढे. दुरुस्तीची दिशा ठरवताना हा क्रम अत्यंत महत्त्वाचा ठरतो.

चुकांचे प्रमुख प्रकार

पहिला प्रकार नावांचा. लेखनिक एका प्रांताचा, जवान दुसऱ्या प्रांताचा आणि नोंद इंग्रजी लिपीत, त्यामुळे ‘जाधव’चे दोन-तीन प्रकार सहज होतात. महाराष्ट्रात आणखी एक कारण आहे. विवाहानंतर मुलीचे आडनावच नव्हे, तर पुष्कळ घरांत तिचे नावही बदलण्याची रीत होती. तुकडीत आदेश काढताना जवानाने कधी माहेरचे नाव दिले, कधी सासरचे. शिधापत्रिकेवर, मतदार यादीत व पुढे आधार पत्रावर मात्र दुसरेच नाव आले. इतर प्रांतांतही अशा अडचणी आहेत. पंजाबात पत्नीच्या नावापुढे केवळ ‘कौर’ असते, तर बँकेच्या कागदपत्रांत त्यापुढे आडनाव जोडलेले असते. तमिळनाडूत नावाआधीचे आद्याक्षर एका ठिकाणी तसेच राहते व दुसऱ्या ठिकाणी वडिलांच्या पूर्ण नावाने लिहिले जाते. व्यक्ती एकच असते, परंतु संगणकाला ती दोन दिसतात.

दुसरा प्रकार जन्मतारखांचा. जुन्या पिढीतील अनेकांच्या, विशेषतः पत्नींच्या, जन्माची नोंदच नव्हती. पीपीओवर पत्नीच्या जन्मतारखेची जागा रिकामी असते किंवा अंदाजाने वर्ष लिहिलेले असते. आधार पत्रावरही पुष्कळदा १ जानेवारी ही सोयीची तारीख आढळते.

तिसरा प्रकार सेवेच्या तपशिलांचा, म्हणजे पद, वेतनगट व पात्र सेवाकाळ यांचा. एखादी पदोन्नती नोंदवायची राहून जाते, अथवा सेवाकाळातून वजा करावयाचे दिवस चुकीचे मोजले जातात.

चौथा प्रकार कुटुंबातील व्यक्ती वगळल्या जाण्याचा. निवृत्तीनंतर झालेला विवाह, दिव्यांग अपत्य, पहिल्या पत्नीच्या निधनानंतरचा पुनर्विवाह या नोंदी सैनिकाने स्वतः कळविल्याखेरीज अभिलेखात येत नाहीत.

एका अक्षराची व एका अंकाची किंमत

या चुका कागदावर किरकोळ दिसतात, परंतु त्यांचा आर्थिक परिणाम मोठा असतो.

भूदलातील जवान, नाईक, हवालदार इत्यादी पदांसाठी सेवा निवृत्तिवेतनास साधारणतः १५ वर्षांची व अधिकाऱ्यांसाठी २० वर्षांची पात्र सेवा लागते. काठावर असलेल्या सैनिकाच्या बाबतीत काही महिन्यांची चुकीची वजावट आयुष्यभराच्या निवृत्तिवेतनाचा निर्णय फिरवू शकते. १ जुलै २०१४ पासून लागू झालेल्या ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ योजनेत समान पद व समान सेवाकाळ हेच निकष आहेत. तिचे दरतक्ते पद, गट आणि अर्ध्या-अर्ध्या वर्षाच्या सेवाकाळानुसार रचलेले आहेत. सबब सेवाकाळाची नोंद सहा महिन्यांनी कमी असली, तरी दर बदलतो आणि प्रत्येक फेरनिश्चितीत ते नुकसान पुढे चालू राहते.

जन्मतारखेचे उदाहरण अधिक बोलके आहे. वयाच्या ८० व्या वर्षी मूळ निवृत्तिवेतनात वा कुटुंब निवृत्तिवेतनात २० टक्के, ८५ व्या वर्षी ३० टक्के, ९० व्या वर्षी ४० टक्के, ९५ व्या वर्षी ५० टक्के आणि शंभराव्या वर्षी १०० टक्के अतिरिक्त रक्कम मिळते. सातव्या वेतन आयोगानंतर, १ जानेवारी २०१६ पासून, किमान कुटुंब निवृत्तिवेतन दरमहा ९,००० रुपये आहे. समजा, हेच निवृत्तिवेतन घेणाऱ्या एका वृद्धेचे वय नोंदीत ४ वर्षांनी कमी लागले आहे. ८० व्या वर्षी मिळावयाचे दरमहा १,८०० रुपये तिला ४८ महिने मिळणार नाहीत. ही रक्कम ८६,४०० रुपये होते आणि त्यावरील महागाई सवलत वेगळीच. औषधोपचाराचा खर्च सर्वाधिक असतो, नेमक्या त्याच वयात हे घडते.

सैनिकाच्या स्वतःच्या जन्मतारखेचाही पत्नीशी संबंध येतो. निवृत्तीनंतर सैनिकाचे निधन झाल्यास वाढीव दराचे कुटुंब निवृत्तिवेतन ७ वर्षे, अथवा सैनिकाने वयाची ६७ वर्षे पूर्ण केली असती त्या दिवसापर्यंत, यांपैकी जो काळ आधी संपेल तोपर्यंत मिळते. ६२ वर्षे पूर्ण होताच निधन पावलेल्या सैनिकाच्या पत्नीला म्हणून ही वाढ ५ वर्षे मिळेल. नोंदीत वय २ वर्षांनी जास्त असेल, तर ती ३ वर्षांतच थांबेल.

चूक जेथे झाली, तेथेच दुरुस्ती

दुरुस्तीसाठी सर्वप्रथम सेवामुक्ती पुस्तिका, पीपीओ, बँकेचे पासबुक आणि आधार व पॅन पत्रे हे कागद शेजारी-शेजारी ठेवून ओळीने ताडून पाहावेत. कोणत्या कागदापासून नोंद बदलली, हे समजले की कोणाकडे जावयाचे ते आपोआप ठरते.

सेवामुक्ती पुस्तिकेतील नोंद अचूक असून केवळ पीपीओवर चूक असेल, तर ती लेखनिकीय चूक होय. अभिलेख कार्यालयामार्फत लेखा कार्यालयाकडून शुद्धिपत्र पीपीओ निघतो. सेवापत्रकातच चूक असेल, तर आधी मूळ नोंद सुधारून मगच शुद्धिपत्र निघू शकते. पीपीओ बरोबर असून बँकेतील खात्याच्या नावात चूक असेल, तर ती शाखेतच दुरुस्त होते. आणि पीपीओ व सेवामुक्ती पुस्तिका दोन्ही बरोबर असून आधार पत्रावरच चूक असेल, तर आधार नोंदणी केंद्रात जावे. चुकीच्या आधार पत्राशी जुळावे म्हणून योग्य सेवानोंद बदलण्याचा खटाटोप करू नये.

अभिलेख कार्यालय रेजिमेंट वा कोअरनुसार निराळे असते, ते सैनिकाच्या राहत्या गावावर ठरत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे अभिलेख बेळगावी येथे, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागर येथे, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे पुण्याजवळ खडकी येथे, तोफखान्याचे नाशिक रोड येथे, तर चिलखती दलाचे अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर येथे आहेत. गढवाल रायफल्सचे लॅन्सडाउनला, मद्रास रेजिमेंटचे वेलिंग्टनला, तर शीख व पंजाब रेजिमेंटचे झारखंडमधील रामगढला आहेत. नौसैनिकांचे अभिलेख मुंबईतील मानखुर्द येथील ब्यूरो ऑफ सेलर्सकडे आणि वायुसैनिकांचे नवी दिल्लीतील सुब्रतो पार्क येथील वायुदल अभिलेख कार्यालयाकडे असतात.

संरक्षण मंत्रालयाची ‘स्पर्श’ ही संगणकीय प्रणाली आता तिन्ही दलांच्या निवृत्तिवेतनासाठी वापरली जाते. प्रयागराज येथील प्रधान नियंत्रक, संरक्षण लेखा (निवृत्तिवेतन) यांच्या कार्यालयामार्फत ती चालते. बँकांमार्फत निवृत्तिवेतन घेणारे जुने निवृत्तिवेतनधारक टप्प्याटप्प्याने या प्रणालीत आणले गेले. या स्थलांतरात जुन्या नोंदींतील विसंगती मोठ्या प्रमाणावर समोर आल्या. पत्ता, भ्रमणध्वनी क्रमांक वा बँक खाते यांतील बदल स्पर्शवरून तुलनेने लवकर होतो. नाव, जन्मतारीख, पद व सेवाकाळ यांतील बदलास मात्र अभिलेख कार्यालयाची पडताळणी लागते.

अर्ज कसा करावा?

प्रातिनिधिक उदाहरण म्हणून सातारा जिल्ह्यातील एका निवृत्त हवालदाराचे प्रकरण विचारात घेऊ. पीपीओवर पत्नीचे माहेरचे नाव आहे, तर आधार, पॅन व मतदार ओळखपत्रावर सासरचे. हवालदार हयात आहेत, ही या प्रकरणातील सर्वांत मोठी जमेची बाजू.

त्यांनी अभिलेख कार्यालयाच्या प्रमुखास उद्देशून अर्ज करावा. त्यात सेवा क्रमांक, पद, पूर्ण नाव, रेजिमेंट, पीपीओ क्रमांक, सध्याची नोंद आणि अपेक्षित नोंद अगदी स्पष्ट लिहावी. सोबत सर्वसाधारणपणे पुढील कागद लागतात : दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे दंडाधिकाऱ्यासमोर वा नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र, सेवामुक्ती पुस्तिका व पीपीओच्या प्रती, पत्नीची ओळखपत्रे, विवाहाचा उपलब्ध पुरावा आणि पती-पत्नीचे एकत्रित छायाचित्र. नाव संपूर्णतः भिन्न असल्यास वृत्तपत्रातील जाहीर सूचना अथवा राजपत्रातील प्रसिद्धीही मागितली जाऊ शकते. प्रत्येक अभिलेख कार्यालयाचा नमुना थोडा वेगळा असतो. म्हणून वरील खर्च करण्यापूर्वी त्या कार्यालयाकडून अथवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून कागदांची यादी मागवून घ्यावी.

अर्ज स्पीड पोस्टने पाठवून पोच जपावी. मूळ कागद कधीही पाठवू नयेत. साक्षांकित प्रती पाठवाव्यात. मूळ नोंद सुधारल्याचे पत्र आले म्हणजे काम पूर्ण झाले, असे समजू नये. शुद्धिपत्र पीपीओ हाती येऊन स्पर्शवरील तपशील बदललेला दिसेपर्यंत पाठपुरावा करावा.

पत्नीची जन्मतारीख नोंदवावयाची असल्यास शाळा सोडल्याचा दाखला, पारपत्र, पॅन, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र यांपैकी जो सर्वांत जुना व परस्परांशी जुळणारा पुरावा असेल, तो जोडावा. नव्याने मिळविलेल्या दाखल्यापेक्षा जुना कागद अधिक विश्वासार्ह मानला जातो. सोयीची तारीख घालून दाखला तयार करून घेणे हा गुन्हा आहे आणि त्यामुळे खऱ्या मागणीवरही संशयाची छाया पडते.

सैनिकाच्या स्वतःच्या जन्मतारखेची बाब मात्र वेगळी आहे. भरतीच्या वेळी नोंदलेली तारीख अंतिम मानली जाते. ती बदलण्याची मागणी सेवेच्या प्रारंभीच्या काळात, विहित मुदतीत करावी लागते. सेवेच्या अखेरीस केलेली अशी मागणी हक्क म्हणून मान्य होत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये केंद्र सरकार विरुद्ध हरनाम सिंह या एका सरकारी कर्मचाऱ्याच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. परंतु सेवापत्रकात योग्य तारीख असून पीपीओवर ती चुकीची उतरली असेल, तर तो जन्मतारखेतील बदल नव्हे, ती नकलेतील चूक आहे. अर्जात हा फरक ठळकपणे मांडावा, अन्यथा अर्ज चुकीच्या कारणास्तव फेटाळला जाण्याचा संभव असतो.

सेवापत्रकात काय लिहिले आहे, हेच माहीत नसेल तर? माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये १० रुपये शुल्क भरून माजी सैनिक आपल्या सेवानोंदींच्या प्रती मागू शकतो. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे संबंधित कार्यालयावर बंधनकारक आहे. सेवाकाळाच्या किंवा पदाच्या तक्रारीत ही प्रत हाती असल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शाखेची भूमिका

पीपीओवरील कोणतीही नोंद बदलण्याचा अधिकार बँकेला नाही. तथापि ‘हे आमच्याकडे नाही’ एवढे सांगून ग्राहकाला परत पाठविणे, ही सेवा नव्हे. चूक नेमकी कोणत्या टप्प्यावर आहे हे कागद ताडून सांगणे, योग्य अभिलेख कार्यालयाचे नाव देणे आणि बँकेच्या नोंदींचा दाखला लागल्यास तो विनाविलंब देणे, एवढे शाखेला निश्चितच करता येते. वार्षिक हयातीचा दाखला स्वीकारताना किंवा ‘जीवन प्रमाण’साठी साहाय्य करताना पत्नीचे नाव व जन्मतारीख पीपीओशी ताडून पाहिली, तर सैनिक हयात असतानाच चूक लक्षात येईल. त्यासाठी पाच मिनिटे पुरतात.

निवृत्तिवेतनाचे खाते पत्नीसह संयुक्त ठेवता येते. ते तसे असल्यास निधनानंतरच्या अडचणी पुष्कळ कमी होतात. एकाच सैनिकाच्या कुटुंब निवृत्तिवेतनावर दोन स्त्रियांनी दावा केल्यास मात्र शाखेने निवाडा करू नये. सक्षम अधिकाऱ्याच्या वा न्यायालयाच्या आदेशाची प्रतीक्षा करावी.

सैनिकाचे निधन आधीच झाले असेल, तरीही मार्ग बंद होत नाही. पत्नीने स्वतःच्या नावाने अर्ज करावा. तहसीलदाराचा नातेसंबंधाचा दाखला, ग्रामपंचायतीच्या नोंदी, मुलांच्या शाळेच्या दाखल्यांवरील आईचे नाव आणि सैन्यात असतानाची कुटुंबाची ओळखपत्रे यांचा अशा वेळी उपयोग होतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय या कामी मदत करते.

नकार किंवा विलंब झाल्यास

अभिलेख कार्यालयाकडून उत्तर न आल्यास संरक्षण मंत्रालयाच्या माजी सैनिक कल्याण विभागाचे निवृत्तिवेतन तक्रार निवारण संकेतस्थळ उपलब्ध आहे. १४ जानेवारी २०२२ रोजी, माजी सैनिक दिनी, ते सुरू झाले. लेखा विभागातर्फे वेळोवेळी भरणाऱ्या निवृत्तिवेतन अदालतीतही प्रकरण मांडता येते. हे उपाय संपल्यावर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा मार्ग आहे. २००७ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाचे मुख्य पीठ नवी दिल्लीत असून एक प्रादेशिक पीठ मुंबईत आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करणे अपेक्षित असते; सबळ कारण असल्यास विलंब क्षमापित होऊ शकतो.

विलंबाची किंमत किती असते, हे २००८ च्या तरसेम सिंह प्रकरणातील निकालावरून दिसते. निवृत्तिवेतन कमी मिळणे हा दरमहा पुन्हा पुन्हा होणारा अन्याय आहे, म्हणून दाद उशिरा मागता येते. परंतु थकबाकी सर्वसाधारणपणे दाद मागण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. वीस वर्षे चूक सहन करणाऱ्याच्या सतरा वर्षांच्या रकमेवर त्यामुळे पाणी पडू शकते.

या कामात मध्यस्थांपासून सावध राहणेही आवश्यक आहे. स्पर्शमधील नोंद दुरुस्त करून देतो, असे दूरध्वनीवरून सांगून ओटीपी वा खात्याचा तपशील मागणारी व्यक्ती ठकसेनच समजावी. अभिलेख कार्यालय, लेखा कार्यालय किंवा बँक ओटीपी कधीही मागत नाही.

प्रत्येक माजी सैनिकाने पत्नीला शेजारी बसवून पीपीओ एकदा मोठ्याने वाचावा, हे उत्तम. स्वतःचे नाव, तिचे नाव, दोघांच्या जन्मतारखा, पद, सेवाकाळ, विवाहाची नोंद आणि दिव्यांग अपत्य असल्यास त्याचे नाव अशा सात गोष्टी तपासाव्यात. रेजिमेंट, सेवा क्रमांक आणि अभिलेख कार्यालयाचा पत्ता एका कागदावर लिहून तो तिच्याजवळ द्यावा. आणि एखादे अक्षर जरी चुकलेले आढळले, तरी ‘पैसे तर येतात ना’ असे म्हणून ते तसेच ठेवू नये. त्या अक्षराची गरज आज त्याला नसेल, पण उद्या ती तिला पडणार आहे.